खर्जाच्या पट्ट्या

पेंट्रे-गोख
१४ सप्टेंबर २०१२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. ओल्वेनवहिनीचा खोकला गेला हे वाचून जीव भांड्यात पडला. टोमॅटोंचं कौतुक मात्र दोन पानं भरून करायची गरज नव्हती.

माझ्या खुब्यानं अखेर हात टेकले. डॉक्टरांनी फोटो दाखवला, सांधा पार झिजून हाडावर हाड घासतंय. बदलायलाच हवा म्हणाले आणि इस्पितळाला चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी पोचली की सव्वीस आठवड्यांच्या आत उपचार व्हायला हवेत, असं सरकारनं उद्दिष्ट घालून दिलंय. त्या दिवसापासून माझ्या नावाचं घड्याळ सुरू होतं म्हणे. मी विचारलं, आणि किल्ली कोण देतं? डॉक्टर हसले. म्हणजे मार्चपर्यंत व्हायला हरकत नाही. पुढे दोन महिन्यांत पाय चालू लागेल.

ही घाई कशासाठी ते सांगते. आपलं चॅपल बंद होतंय. छप्पर दुरुस्त करणं कुणाला झेपत नाही आणि रविवारी बाकं रिकामीच असतात. मेच्या पहिल्या रविवारी शेवटची गायनसभा व्हायची, आजूबाजूच्या खोऱ्यांतली माणसं गायला येणार, मग दाराला कुलूप. तुला ठाऊक नाही, कारण मी कधी कळवलं नाही, पण गेलं वर्षभर मी नुसत्या हातांनी ऑर्गन वाजवतेय. खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालचे भारदस्त सूर, निघतो पायाखालच्या पट्ट्या दाबून, आणि पाय तर उचलत नाही. लोक बिचारे गातात, बोलत कुणी नाही. मला मात्र ऐकू येतं. मिठाशिवायचा रस्सा लागतो तसं वाटतं.

दहाव्या वर्षापासून त्या बाकावर बसतेय, दादा. शेवटच्या दिवशी ऑर्गन पुरा वाजला पाहिजे, एवढीच माझी इच्छा आहे. दुसरं काही नको.

लोभ आहेच, टोमॅटोंना देऊन उरेल तो मला असू दे.

तुझी,
नेस्टा


स्वॉन्सी
२ ऑक्टोबर २०१२

चि. नेस्टास,
अ. उ. आ.

वर्षभर पाय उचलत नव्हता आणि ते मला आत्ता कळतंय! शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारणारी बाई ती हीच का?

तुझं पत्र ओल्वेनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हिच्या खुब्यापेक्षा हिची जीभ आधी झिजायला हवी होती. पण नंतर तेच पत्र मला पुन्हा वाचायला लावलं, त्यावरून काय ते समज.

मला तो रविवार आठवला. ऑर्गनवाले म्हातारबुवा आजारी पडले आणि बाबांनी तुला उचलून बाकावर बसवलं. तुझे पाय लोंबकळत होते, पट्ट्यांना लागेनात. मग मला शेजारी बसवलं, खर्जासाठी. तू वर वाजवायचीस, मी खाली पायानं दाबायचो आणि माझं चुकलं की तू माझ्या बरगडीत कोपर हाणायचीस. एवढीशी होतीस, पण कोपर खिळ्यासारखं. असं दोन हिवाळे चाललं. मग तुझे पाय लांबले आणि माझी नोकरी गेली. त्यानंतर जन्मभर मी बसचा क्लच दाबला. त्यानं काही सूर निघत नाही, प्रवाशांची कुरकुर तेवढी निघते.

मार्चमध्ये तारीख मिळेल. उद्दिष्ट चुकलं की इस्पितळातल्या साहेबांना वर जाब द्यावा लागतो, म्हणून शेवटी शेवटी तेच लगबग करतात, असं आमच्या शेजाऱ्याचं म्हणणं. त्याचा गुडघा असाच झाला. तू फक्त फोन आला की हो म्हण.

काळजी घे. जिन्यात घाई करू नकोस.

तुझा दादा,
एमलिन


पेंट्रे-गोख
११ फेब्रुवारी २०१३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी चहा घे, मग पुढचं वाच.

जानेवारीत इस्पितळात तपासणीला गेले होते, ते कळवलंच होतं. तिथे माझ्या शेजारी मैलिर नावाचा माणूस बसला होता. वरच्या गावात राहतो, चाळिशीचा असेल, दुधाचा टँकर चालवतो. म्हणजे चालवायचा. त्याचाही खुबाच. टँकरवर चढता येत नाही म्हणून चार महिने घरी बसून आहे. तपासून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक पायमोजा होता. काढला तर होता, पण परत घालता येईना. घरी माझी सात वर्षांची मुलगी घालून देते, आज ती शाळेत आहे, म्हणाला आणि हसायला गेला, पण डोळे भरून आले. मला वाकता येत असतं तर मीच घातला असता. शेवटी नर्सनं घातला.

शुक्रवारी इस्पितळातून फोन आला. बाई फार गोड बोलली. चार मार्चची तारीख आहे, येणार ना, म्हणून विचारलं. दादा, माझ्या डोळ्यांपुढे तो पायमोजा आला. मी म्हटलं, आधी त्या मैलिरला घ्या, त्याच्यामागची मी. ती म्हणाली, म्हणजे ही तारीख तुम्हाला नको का? मी म्हटलं, मला त्याच्या पाठोपाठची चालेल. तिनं पुन्हा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. पावाच्या दुकानात मागच्याला घाई असली की आपण नाही का म्हणत, तुम्ही व्हा पुढे? एक पाऊल मागे सरायचं, आणखी काय? आठवड्यानं माझा नंबर लागेल.

रागावू नकोस. लोभ कमी करायचा असेल तर मे महिन्यानंतर कर.

तुझी,
नेस्टा


स्वॉन्सी
१९ फेब्रुवारी २०१३

चि. नेस्टास,
अ. उ. आ.

चहा घेतला. उपयोग झाला नाही.

तू कुणाला काही विचारणार नाहीस हे ओळखून मीच इस्पितळाला फोन केला. बहुतेक तीच बाई होती. आधी मी ओरडलो, मग माफी मागितली, कारण तिचा आवाज रडवेला झाला. तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं देतो. कुणाला आपली जागा अशी माणूस बघून देता येत नाही. ती यादीला परत जाते आणि यादीत जो पुढचा असेल त्याला मिळते. म्हणजे चार तारखेला तिसराच कुणी त्या टेबलावर असेल. तुझ्या मैलिरला त्यातलं काहीही मिळालेलं नाही. आणि मिळालेली तारीख तू नाकारलीस अशी नोंद झाल्यानं तुझं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आता ऑगस्ट.

नेस्टे, अगं, दुकानाच्या रांगेत जागा दिली तर माणूस रांगेतच राहतो. ही रांग तशी नाही. इथे जागा देणारा थेट शेपटाला जातो, आणि त्यांच्या हिशेबात तू आता अगदी वेळेत आहेस. दुखणं जुनं आणि घड्याळ नवं! त्या बाईलाही ते पटत नव्हतं, पण नियम तिनं केलेले नाहीत.

मी फार चिडलोय. तुझ्यावर नाही. थोडासा तुझ्यावरही. आपली आई अशीच होती, शेवटचा तुकडा कायम दुसऱ्याच्या ताटात.

मे महिन्याचं काय करायचं?

तुझा दादा,
एमलिन


पेंट्रे-गोख
१ मार्च २०१३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रडले. लपवत नाही. खुब्यासाठी नाही, मूर्खपणासाठी. कुणाच्या उपयोगाला आले असते तर सोसलं असतं. इथे ना त्याला मिळालं, ना मला.

काल मैलिर आला, बायकोनं गाडीतून आणला. गावात काय लपून राहतं? अंड्यांची टोपली घेऊन, काठी टेकत आला आणि म्हणाला, मास्तरीणबाई, हे काय करून बसलात? माझ्या खुर्च्या पडल्या बुटक्या. बसलो तर दोघांनाही उठता येणार नाही, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात उभ्यानंच चहा प्यायलो. त्याची बायको आमच्याकडे बघून हसत सुटली, मग आम्हीही. त्याला एप्रिलची तारीख आली आहे, त्याच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे. निदान तेवढं तरी बरं झालं.

चॅपलच्या मंडळींना मी सांगून टाकलं की गायनसभेसाठी दुसरं कुणी बघा. ते म्हणाले, बाई, नुसत्या हातांनी वाजवा, पण तुम्हीच वाजवा. वाजवीन. पण दादा, एवढी माणसं चारी आवाजांत, उंच-खालचे वेगवेगळे सूर एकदम धरून गाणार आणि खाली खर्जाची जमीनच नसणार. त्यापेक्षा कुलूप आधी लागलेलं बरं, असंही मनात येऊन जातं.

या खेपेला विनोद सुचत नाही. लोभ असू दे.

तुझी,
नेस्टा


स्वॉन्सी
२६ मार्च २०१३

चि. नेस्टास,
अ. आ.

हे पत्र मी तुझ्या भावाच्या अपरोक्ष लिहितेय. त्याचं काहीतरी बिनसलंय. दर बुधवारी दुपारी फिरायला म्हणून जातो, पाऊस कोसळत असला तरी. परत येतो तो लंगडत, मग घोटे शेकत बसतो. विचारलं तर हवापालट म्हणतो. परवा नवे जोडे घेऊन आला. मऊ कातड्याचे, तळवा कागदासारखा पातळ, नाचणारे घालतात तसले. जेवताना टेबलाखाली त्याचे पाय सारखे चालू असतात, माझ्या नडगीला दोनदा लागलं. पंचाहत्तरी उलटल्यावर हा माणूस नाच शिकतोय की दुसरा संसार थाटतोय?

तुला काही बोललाय का? खरं सांग, मी घट्ट मनाची आहे. तुझ्या दुखण्याची आठवण रोज काढते. सोबत लोकरीचे पायमोजे पाठवलेत, सैल विणलेत, चढवायला सोपे जातील.

तुझी वहिनी,
ओल्वेन


स्वॉन्सी
२७ एप्रिल २०१३

चि. नेस्टास,
अ. उ. आ.

ओल्वेननं तुला काय लिहिलं ते तिनंच मला सांगितलं. तिला पोटात काही ठेवता येत नाही. मग मलाही सगळं कबूल करावं लागलं.

कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूस पूर्वी माझ्या बसनं शाळेत जायचा. त्याला म्हटलं, तुला इतकी वर्षं वेळेवर पोचवलं, आता तू मला पोचव. फार सोशिक आहे. हातांचं नको, फक्त पायांचं शिकव, असं सांगितल्यावर आधी त्याला चेष्टाच वाटली.

शनिवारी दुपारच्या बसनं आम्ही दोघं येतोय. बाकावर जरा डावीकडे सरून जागा ठेव. आणि कोपरं आवर.

तुझा दादा,
एमलिन


पेंट्रे-गोख
९ मे २०१३

ती. दादास आणि सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यापासून घर खायला उठतंय. मनुक्यांच्या पावाची शेवटची चकती आज संपवली.

दादा, तू असताना जे बोलता आलं नाही ते लिहिते. सभेआधी तू गुडघ्यांवर बसून माझ्या पायात पायमोजे चढवलेस, तेव्हा मी खिडकीकडे बघत होते. धुकं बघत नव्हते. तुझ्या डोक्यावरचे उरलेले चार केस बघितले असते तर मला वाजवता आलं नसतं.

पहिलं स्तोत्र सुरू झालं आणि तुझ्या पायांखालून खर्ज उठला, तो बाकातून थेट माझ्या दुखऱ्या खुब्यात चढला. दीड वर्षात पहिल्यांदा तिथे दुखण्याखेरीज दुसरं काही जाणवलं. मागे माणसांच्या आवाजात फरक पडलेला तू ऐकलास ना? एकदम छाती भरून गायला लागली. शेवटचं कडवं त्यांनी किती वेळा फिरवून घेतलं ते मी मोजलं नाही. थांबायला कुणीच तयार नव्हतं, आपण दोघंही. मैलिर नव्या खुब्यावर उभा राहून गात होता. मुलगी त्याचा कोट धरून होती. तिसऱ्या स्तोत्रात तू एक पट्टी चुकलास. कोपर मारायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

आता बातमी. काल इस्पितळातून फोन आला, तीच बाई. ऑगस्टची तारीख देतेय, म्हणाली, आणि घाईनं पुढे जोडलं की या खेपेला फक्त स्वतःबद्दल बोला हं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. मग तिनं विचारलं, पहिले सहा आठवडे वाकायचं नसतं, घरी कोण असणार? मी कुणाला न विचारता तुझं नाव सांगितलं.

तुझे पातळ तळव्याचे जोडे ऑर्गनच्या बाकाखाली राहिले होते. कुलूप लावायच्या आधी मैलिरनं आणून दिले. पोस्टानं पाठवणार होते, पण आता नाही पाठवत. ऑगस्टमध्ये येशील तेव्हा घाल. पण रोज सकाळी आधी माझ्या पायात पायमोजे, मग तुझे जोडे.

लोभ आता वाढवायला कुठे जागा आहे कोण जाणे, तरी वाढवा.

तुमची,
नेस्टा