दोघींची एक आत्या

बाई,

मी परत कुवेतला, आपल्या फहाहीलला आले आहे. तुम्ही चष्म्यावरून बघत "कशाला?" असं विचारलं असतंत, म्हणून आधीच सांगून टाकते. मुलाला इथल्या एका तेल कंपनीत नोकरी लागली, नात इथल्याच शाळेत जाते, आणि सुनेने व्हिजिट व्हिसा काढून मला बोलावून घेतलं. इथून कायमची निघताना मी सगळ्यांना ऐकवलं होतं की आता या उन्हात पुन्हा पाय ठेवणार नाही, आणि आता त्याच गावात रोज सकाळी समुद्राकाठी फेऱ्या मारते आहे. नात माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलते, मी तिच्याशी मराठीत, आणि आमचं उत्तम चाललं आहे. तुम्ही असतात तर पहिल्याच दिवशी तिला मुळाक्षरं गिरवायला बसवलं असतंत.

समुद्र तसाच आहे, काठ बदलला आहे. जिथे चटई टाकून आपण संवाद म्हणायचो तिथे आता कॉफीची दुकानं आहेत आणि एका कॉफीच्या किमतीत आपली सगळी नाटकमंडळी जेवली असती. मासळीबाजाराचा वास मात्र वळणावरच नाकात शिरतो. इराणी बेकरीही त्याच गल्लीत आहे, भट्टीपाशी नवा माणूस आहे, पण गरम खुबूसची रोटी हातात घेताना बोटं तशीच भाजतात. तुमची बिल्डिंग पाडली असेल अशी भीती वाटत होती, म्हणून दोन दिवस त्या रस्त्याने गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी मन घट्ट करून गेले, तर बिल्डिंग उभी! तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कुणाच्या तरी लहान मुलाचे मोजे वाळत होते आणि खोबरेल तेलातल्या माशाचा खमंग वास खाली येत होता. मी मान वर करून उभी राहिलेली बघून हारिस, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, बाहेर आला आणि म्हणाला, "किसको मंगता, अम्मा?" मी म्हटलं, "किसीको नहीं. इधर हमारी टीचर रहती थी." त्याने आतून खुर्ची आणून सावलीत ठेवली. मी बसले चांगली अर्धा-पाऊण तास.

त्या खुर्चीत बसून मी पुन्हा तुमच्या स्वयंपाकघरात गेले. कुकर गॅसवर आहे, तुम्ही ओट्याला टेकून उभ्या आहात, हातात उलथनं, आणि आम्ही सगळे फ्रिज ते दार एवढ्या जागेत तालीम करतो आहोत. दिवसभर शाळेत पोरांना मराठी शिकवून तुमचा घसा बसलेला असायचा, तरी उलथनं कट्ट्यावर आपटलं की सगळे गप्प. आपली मंडळी ड्यूटीवाली. कुणाला कधी प्लांटवर बोलावणं येईल, कुणाची रात्रपाळी लागेल, हे नटेश्वराच्याही हातात नव्हतं. म्हणून तुम्ही प्रत्येक भूमिका दोघांकडून पाठ करून घ्यायचात आणि त्याला जोडी म्हणायचात. गुरुवारच्या प्रयोगात जोडीतला एक, शुक्रवारी दुसरा. नवरा गुरुवारी नाशिकचा असायचा, शुक्रवारी पुण्याचा, बायको दोन्ही दिवशी वेगळी, आणि प्रेक्षकांना त्याचं काही वाटत नसे.

आत्याची भूमिका आम्हा दोघींची होती. मी आणि ती, माझ्याच वॉर्डातली नर्स, रत्नागिरीकडची. आमच्या पाळ्या कायम उलट्या, म्हणून तर तुम्ही आमची जोडी लावलीत. पाळी बदलताना आम्ही एकमेकींना पेशंट सोपवायचो आणि त्याच दमात आत्याही सोपवायचो. "कोपऱ्यातल्या आजोबांचं सलाईन संपत आलंय, पलीकडच्या बाईंचा ताप उतरलाय, आणि काल बाईंनी आत्याला खिडकीऐवजी दाराकडे वळवलंय." डॉक्टर बिचारा दोघींच्या तोंडाकडे बघत राहायचा. पण याचा अर्थ असा की गुरुवारी मी रंगमंचावर असताना ती वॉर्डात आणि शुक्रवारी ती रंगमंचावर असताना मी वॉर्डात. एकच एकांकिका, तुम्ही लिहिलेली, एकच साडी, एकच तुमचा जुना चष्मा, आणि आम्ही एकमेकींची आत्या कधी पाहिलीच नाही. दोघींचं काम पाहिलेल्या खऱ्या जाणकार तुम्हीच एकट्या. आम्ही दोघींनीही तुम्हाला किती खोदून विचारलं, आमच्यात सरस कोण? तुमचं उत्तर ठरलेलं. "शेवटच्या रांगेला ऐकू आलं. पुरे."

मला मनातून ठाऊक होतं की मीच सरस. ती आत्या भाच्याकडे कुवेतला दोन महिन्यांसाठी येते, सगळ्यांना नकोशी होते, आणि शेवटी आपणच बॅग भरायला घेते. साडीची घडी घालते, कुणी थांबवतं का ते बघते, आणि पडदा. त्या घडीच्या वेळी मी असं रडायचे की पुढच्या रांगेत रुमाल निघायचे. तालमीत तुम्ही उलथनं आपटलंत. "रडू नकोस. रडणं हे समोर बसलेल्यांचं काम आहे, ते तू कशाला करतेस? तू घडी घाल." मी फुगून बसले. प्रयोगात पुन्हा रडलेच, आणि नंतर एक बाई डोळे पुसत मला भेटायला आल्या तेव्हा मी तुमच्याकडे असा कटाक्ष टाकला की बघा! तुम्ही शांतपणे चिवड्याच्या प्लेटा भरत होतात.

ती रत्नागिरीकडची अजून इथेच आहे. नवऱ्याचं बाजारात शिवणाच्या सामानाचं दुकान आहे, दोरे, बटणं, लेस. मी दारात उभी राहिले तर लेस मोजता मोजता तिने मान वर केली आणि म्हणाली, "काय गो, येऊन इतके दिवस झाले, आणि फोन नाय? मला दुसऱ्यांकडून कळायचं?" मग लेस तशीच सोडून मला मिठी मारली. गिऱ्हाईक थांबलं होतं, त्याला म्हणाली, "पाच मिनट, भाई, मेरी जोडी आयी है." बाई, तो शब्द मी इतक्या वर्षांनी ऐकला. आम्ही दोघी बेकरीतून खुबूस घेऊन काठावर बसलो. तुमच्या जाण्याची बातमी तिला किती उशिरा कळली, तेव्हा ती वॉर्डातच होती आणि तिने पेशंटच्या चादरी बदलता बदलता डोळे पुसले, हे तिने मला पहिल्यांदाच सांगितलं.

मग तिने मुख्य बातमी दिली. इथल्या तरुण पोरांनी तुमची एकांकिका बसवायला घेतली होती. कुणाच्या तरी घरी जुनी प्रत सापडली. आत्याचं काम करणारी मुलगी इंजिनिअर, तिच्या प्लांटचा दुरुस्तीसाठीचा शटडाऊन लांबला आणि येत्या शुक्रवारचा प्रयोग अडला. तिला बदली कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तालमीला गेलो. दिग्दर्शक नाशिककडचा मुलगा, माझ्या मुलाच्या वयाचा. मी विचारलं, "तिची जोडी कोण?" तो म्हणाला, "जोडी म्हणजे काय, काकू?" मी त्याला सगळं समजावून सांगितलं, जरा जास्तच वेळ. तो ऐकून खूश झाला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "मग काकू, तुम्हीच करा ना! नाहीतर शो रद्द करावा लागेल."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तूच कर. तू चार दिवसांची पाहुणी, मी काय, इथंच हाय." मग पर्समधून एक पुडकं काढलं. तुमचा तो काळ्या काड्यांचा चष्मा! तिने इतकी वर्षं जपून ठेवला होता. तिने तो डोळ्यांवर चढवला आणि लगेच काढला. "तेव्हा यातनं समोरचं काय दिसायचं नाय. सगळं धुक्यासारखं. म्हणून तर मी उभी राहायची. आता माझाही तोच नंबर झालाय. घातला की सगळं लख्ख. लोक दिसतील गो मला, भीती वाटते."

मला ते काम करायचं होतं, बाई, अगदी मनापासून. घरी जाऊन आरशासमोर संवाद म्हणून पाहिले, एकही विसरले नव्हते. केसांना टाल्कम पावडर लावायचीही आता गरज नाही. शिवाय आता मी स्वतःच व्हिजिट व्हिसावरची आत्या झाले आहे, बॅग कोपऱ्यात उभी करून. पण सकाळी काठावर चालताना लक्षात आलं की मी काम केलं तर मी पुन्हा तिचं काम न बघताच परत जाणार. इतकी वर्षं ज्या गोष्टीचं कुतूहल होतं ती एका शुक्रवारवर आली होती. आणि खरं सांगू? मी उदार वगैरे झाले नव्हते. मला एकदा डोळ्यांनी बघून खात्री करून घ्यायची होती की मीच सरस होते. मी तिथूनच तिला फोन लावला. "काम तू कर. मी शेवटच्या रांगेत बसते. लोकांकडे बघूच नकोस, तू माझ्याकडे बघ." ती म्हणाली, "आवाज नाय पोचला तर हात वर कर."

काल प्रयोग झाला. एका शाळेचा हॉल, माणसं दाटीवाटीने बसलेली, मी शेवटच्या रांगेत, शेजारी नात चिप्स खात. ती आली ती हसवतच. तिची आत्या माझ्यासारखी बिचारी नव्हती, चांगली खमकी होती. कपाट उघडून सुनेच्या चुका काढायची, एसी बंद करायची, आणि लोक खो-खो हसत होते. मी मनात म्हटलं, बरं आहे, पण शेवट बघू. मग तो शेवट आला. तिने बॅग उघडली, साडी घेतली, घडी घातली. कोपरे जुळले नाहीत. तिने ती मोडली आणि पुन्हा घातली, वॉर्डात पलंगाची चादर घालायचो तशी, तळहाताने सुरकुती मोडत, कोपरा कोपऱ्याला लावत. पुन्हा मोडली. आधी लोक हसले. तिसऱ्यांदा घडी मोडली तेव्हा कुणी हसलं नाही. डोळ्यांत टिपूस नाही, चेहऱ्यावर काही नाही, फक्त ते हात चाललेले, आणि मला कळलं की आत्या घडी चुकवतेच आहे, कुणीतरी थांबवेपर्यंत. नातीने चिप्स खाणं थांबवून माझी बाही ओढली आणि हळूच विचारलं, "आजी, व्हाय इज नोबडी स्टॉपिंग हर?" तेवढ्यात तिने मान वर केली आणि तुमच्या चष्म्यातून थेट शेवटच्या रांगेत बघितलं. रडायचं काम माझ्याकडे होतं, बाई, आणि मी ते मन लावून केलं.

नंतर मी मागे गेले तेव्हा पोरं तिच्याभोवती गोळा झाली होती. शटडाऊनवाली मुलगी ड्यूटीवरून तशीच धावत आली होती, तिला म्हणत होती, "काकू, पुढच्या वर्षी आपली जोडी." दिग्दर्शक म्हणाला, दोन प्रयोग करू, शुक्रवार आणि शनिवार, प्रत्येक भूमिका दोघांना. त्याने मलाही विचारलं. मी मुलाला आत्ताच सांगून ठेवलं आहे की पुढच्या वर्षीही व्हिसा काढायचा. गर्दी पांगल्यावर तिने मला कोपऱ्यात ओढलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "कसं झालं गो? खरं सांग हां."

मी तोंड उघडलं आणि माझ्याही नकळत शब्द आले, "शेवटच्या रांगेला ऐकू आलं. पुरे." ती पोट धरून हसली. "बाई अजून हायत म्हणायच्या!" मीही हसले. हसता हसता कळलं की तुम्ही ते वाक्य का वापरायचात. त्याने कुणी हरत नाही आणि दोघीही पुढच्या तालमीला येतात.

सुनेच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हे लिहिते आहे. कुकरची शिट्टी होते आहे आणि नात तिच्या बाहुलीच्या ओढणीची घडी घालून मोडते आहे, पुन्हा घालते आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच जे लिहिणं जमणार नाही असं वाटलं होतं ते लिहून टाकते. ती माझ्यापेक्षा सरस आहे, बाई. तेव्हाही असणार, आणि तुम्ही दर शुक्रवारी ते बघून शनिवारी माझ्याशी नेहमीसारख्याच वागायचात. आज संध्याकाळी आम्ही बेकरीपाशी भेटणार आहोत. हे तिला सांगायचं असं मी सकाळपासून ठरवते आहे, आणि सकाळपासूनच मनात घोकते आहे की तिने पुन्हा विचारलं नाही तर बरं.