सात पाण्यांचा दगड

२६ सप्टेंबर, शुक्रवार

वहिनीचा फोन! मे महिन्यानंतर पहिल्यांदा.

दुकानात खताच्या गोण्या उतरवून घेत होतो. हमालांचा गोंधळ, त्यात हिचा बारीक आवाज. "भाऊजी, एक मागू का?" मला वाटलं कागदपत्रं असतील, दादाच्या कंपनीचं काही असेल. तर म्हणे, "त्यांच्या दगडांतला एकच द्या. काचेच्या बरणीतला. बाकी त्या घरातलं मला काही नको."

एवढंच मागते बाई! मी हो म्हणून बसलो. आईला विचारलंच नाही. आता विचारायचं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात.

आई वहिनीचं नाव काढू देत नाही. दादा राजस्थानात खाणीच्या कंपनीत जिऑलॉजिस्ट होता. मे महिन्यात जीप उलटली आणि गेला. वहिनी तिकडंच क्वार्टरवर होती. तिनं तिथंच अग्नी दिला. मी आणि आई केंदूरहून पोचेपर्यंत राख झाली होती. तेव्हापासून आईचं एकच – "माझ्या पोराचं तोंडसुदिक दावलं न्हाई तिनं!" दहाव्याला सगळ्या भावकीसमोर बोलली. तेरावं झालं, वहिनी माहेरी खुटबावला गेली. तिथंच शाळेवर शिकवते. विषय संपला.

संपला कसला डोंबलाचा!

२८ सप्टेंबर, रविवार

वहिनी आज स्वतःच आली. मला आधी सांगितलं असतं तर काही जुळवाजुळव तरी केली असती.

घरात घट बसलेले. आई घटापुढून उठलीच नाही. माळ सारखी करतेय, दिव्यात तेल घालतेय – दिवा काठोकाठ भरला तरी घालतेय! पाणीसुद्धा शेजारच्या गिताबाईंनी आणून दिलं. आपल्याच घरात सुनेला शेजारणीनं पाणी द्यायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माळ्यावरून दादाची पेटी खाली काढली. वहिनीनं बरणी उचलली, उघडली नाही. झाकणाला दादानं मेण लावून ठेवलंय. आत तो – अंगठ्याएवढा, काचेसारखा. म्हणाली, "हा सापडला त्या दिवशी मी बरोबर होते. खाऱ्या तळ्याकाठच्या जुन्या खाणीत भिंतीला होता. त्यांनी माझ्या हातावर ठेवला नि म्हणाले, मूठ मिटू नको. मी मिटली. तेवढ्या घामानं एक कोपरा गोल झाला बघा. किती ओरडले! मग हसत बसले."

खरंच एक कोपरा गोल आहे. इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नाही.

तेवढ्यात घटापुढून आई – मान न वळवता – "ठिव ती बरनी खाली. ह्या घरातनं आता काय बी जायाचं न्हाई. पोरगं ग्येलं तेवढं बास झालं."

वहिनीनं ठेवली. लांबूनच वाकून नमस्कार केला. मी गाडीवरून शिक्रापूरला सोडायला गेलो.

एसटीची वाट बघताना मी म्हटलं, आता सांगून टाकू का आईला? म्हणाली, "नको."

लिहितो एकदाचं. दादाचं तोंड दाखवण्यासारखं उरलंच नव्हतं. वहिनीनं बघितलं, तिलासुद्धा ओळखू आलं नाही. म्हणून तिनं थांबायचं नाही ठरवलं. मी तिथं पोचलो तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "आईंच्या डोळ्यांपुढं त्यांचा चांगला चेहरा राहू दे. मला बोलतील. बोलू देत."

आणि आई बोलतेय. पाच महिने बोलतेय.

२९ सप्टेंबर

दिवसभर दादा आठवतोय. मागच्या उन्हाळ्यात दुकानात येऊन बसला होता. एक गिऱ्हाईक माझ्याशी भांडत होतं – मॅग्नेशियम सल्फेटची गोणी हलकी भरली, तू चोर आहेस! दादानं गोणी फोडली, मूठभर पांढरी भुकटी हातावर घेतली, म्हणाला, "चोर न्हाई ओ मामा, पाणी उडालंय. ह्या खड्यात सात पाणी असतात. पत्र्याखाली उन्हानं एकेक निघून जातं." मामा माझ्याकडं बघतायत, मी दादाकडं. कोरड्या खड्यात कुठलं आलंय पाणी!

मग मला समोर बसवून शिकवणी. बरणीतला दगड आणि माझ्या गोणीतला माल एकच म्हणे. जमिनीतून निघाला की एप्सोमाइट, कारखान्यातून निघाला की मॅग्नेशियम सल्फेट. कूळ सल्फेटचं, घराणं पाणीवाल्यांचं. सात पाणी, म्हणजे पाण्याचे सात रेणू, असली तर एप्सोमाइट. एक गेलं, सहा राहिली की नावच बदलतं, दगड दुसरा होतो. एकच उरलं की तिसरं नाव. "आणि भावकी कोण सांगू? जस्ताचा सल्फेट. तुझ्याच फळीवर आहे. हिराकस, लोखंडाचा सल्फेट, त्यालाही सातच पाणी. मोरचूद, तांब्याचा, लांबचा पाहुणा, त्याला पाच." मी म्हटलं, दादा, दगडातही भावकी सुटत नाही का रे? "त्यांची भावकी बरी, बांधावरून भांडत नाहीत!"

नखानं ओरखडा उठतो इतका मऊ. त्यानं आईपुढं काढूनही दाखवला. चव कडू. उघडा ठेवला तर पाणी सोडून पांढरा पडतो, म्हणून मेण. "बाकीचे दगड माझ्यानंतरही राहतील. ह्याला मात्र सांभाळावं लागतं, विश्वा."

सांभाळेन म्हणालो होतो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी दुकानातला वजनकाटा, फवारणीचे पंप, विळे, खुरपी सगळं धुतलं. झेंडूचे हार घातले. आई म्हणाली, "इंद्र्याचा हातोडा काढ. त्याचंबी हत्यार पुजायचं. अवंदा त्यो न्हाई तर आपुन नगं का करायला?"

दादाचा हातोडा काढला. मग म्हणाली, भिंग आण. मग म्हणाली, दगडबी आण. "त्येच्यावरच त्येचं प्वाट व्हतं." सगळी पेटीच तिच्यापुढं ठेवली. बरणी होती, मेण होतं, आत दगड होता – मी डोळ्यांनी बघितलं. आणि दुकानात गेलो, पूजेला माणसं यायची होती म्हणून.

दुपारी आलो तर पाटावर सगळे दगड स्वच्छ धुऊन ओळीनं मांडलेले. एकेकाला हळदकुंकू, एकेक फूल. आणि बरणी रिकामी!

"उघडली तर रिकामीच व्हती," आई म्हणाली. "तिनं न्हेला. रईवारी मांडीवर घिऊन बसली व्हती न्हवं! आपली पाठ फिरायची वाट बघत व्हती. चोरटी!"

 

२ ऑक्टोबर, दसरा

परात न्हाणीपाशी पालथी घातलेली होती. उचलली. आतल्या कडेला पांढरी कड धरलेली, मिठागत. बोट फिरवून जिभेला लावलं.

कडू.

पाणी बाहेर जास्वंदीला ओतलेलं. पूजेचं पाणी आई मोरीत टाकत नाही, पायदळी येतं म्हणून. जास्वंदीखालची माती पार ओली.

दादाचे बाकीचे दगड पाण्यात बुडवले काय, आणि वर्षभर ठेवले काय! हा एकटाच पाण्यात विरघळणारा. पण हत्यार पुजायचं तर आधी धुवायचं, हेच आईला माहीत. सगळे एकदम परातीत घातले असणार. एका डोळ्यात मोतीबिंदू, त्याचं ऑपरेशन पुढं ढकललेलं. तिला कळलंसुद्धा नसेल. तिनं आपल्या हातानं, इतक्या मायेनं, त्याची शेवटची वस्तू – हे तिला कोण सांगणार? मी? मरून जाईल म्हातारी.

आणि नाही सांगितलं तर वहिनी चोर.

वहिनीला फोन लावला. सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "भाऊजी, मी नेला म्हणा."

"अहो वहिनी, पण–"

"मी नेला म्हणा. त्यांना हे कळलं तर त्या आयुष्यभर आपल्याच हाताकडं बघत बसतील. माझ्यावरचा राग आहेच, त्यात अजून थोडा." मग फोन ठेवता ठेवता, "पूर्ण विरघळला का हो? जरासुद्धा नाही उरला?"

रडत होती. मीही. आपट्याची पानं खिशातच राहिली, कुणाला दिली नाहीत.

४ ऑक्टोबर

आईला सांगितलं. व्हय म्हणाली वहिनी, तिनंच नेला.  मला वाटलं होतं आई घर डोक्यावर घेईल. नुसती बसून राहिली.

६ ऑक्टोबर

गिताबाईंनी गावभर केलं. आज दुकानात एक जण हसत, "काय रं, तुझी वहिनी दगडं चोरती म्हनं?" हातातलं माप त्याच्या डोक्यात घालणार होतो! दिला नाही माल. जा म्हटलं, शिक्रापूरला जाऊन घे.

हे माझ्यानं सहन होत नाही. एक मेला, त्याचं दुःख कमी होतं म्हणून की काय, दोघी जिवंत बायकांच्यात मी खोटं लावून दिलंय.

८ ऑक्टोबर

सुचलं. गोदामात बसलो होतो आणि समोर गोणी! कूळ तेच, सात पाणी तीच. दादाच म्हणाला होता – एकच.

गरम पाण्यात मावेल तेवढं मॅग्नेशियम सल्फेट विरघळवलं, फडक्यातून गाळलं. ग्लासात दोरा सोडला, दोऱ्याला एक बरा खडा. गोदामाच्या कोपऱ्यात झाकून ठेवला. आईला "सापडला" म्हणून दाखवायचा. वहिनीवरचा आळ जाईल, आईलाही काही कळायचं नाही.

१० ऑक्टोबर

फसलं! नुसत्या सुया. ग्लासभर सुया, साळिंदरासारख्या. फेकून दिलं, पुन्हा मांडलं. या वेळी ग्लास गोणपाटात गुंडाळून ठेवलाय, सावकाश निवू दे.

१४ ऑक्टोबर

आला. अंगठ्याएवढा, स्वच्छ, आरपार. उचलला तर वजनच नाही, त्याच्यासारखंच. दादा असता तर टाळी देऊन म्हणाला असता, शाब्बास रे खतवाल्या!

ओल्या बोटानं एक कोपरा घासून गोल केला. वहिनीची मूठ. मग नखानं ओरखडा काढायचा होता, दादानं काढलेला. तिथं मात्र माझा हात चालेना.  काढला शेवटी. माझं नख त्याच्या नखापेक्षा रुंद आहे. असू दे.

सगळं तेच आहे. कूळ, घराणं, पाणी, चव. फक्त दादानं हात लावलेला नाही. एवढाच फरक आणि तेवढाच सगळा.

१५ ऑक्टोबर

"आई, सापडला गं! पेटीच्या खालच्या फडक्यात होता. वहिनीनं नव्हता नेला."

"मग ती व्हय का म्हनली?"

ह्याचा मी विचारच केला नव्हता! काहीतरी बरळलो – तू चिडू नयेस म्हणून म्हणाली असेल. आईनं दगड हातात घेतला, चांगल्या डोळ्याजवळ नेला. ओरखड्यावरून बोट फिरवलं. जिभेला लावला.

"बरं," म्हणाली. बरणीत ठेवला आणि स्वतः मेणबत्ती पेटवून झाकणाला मेण लावलं. मला सुटल्यासारखं झालं.

१८ ऑक्टोबर

आई सकाळी म्हणाली, "तिला पाडव्याला बोलव."

"वहिनीला?"

"मग काय गिताबाईला? पाडव्याला ती एकटी काय करंल तिथं. ये म्हनावं, आईनं बोलावलंय."

जमलं! दादा, तुझ्या दगडानं नाही जमलं, माझ्या गोणीनं जमलं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

वहिनी आली. आईनं स्वतः पाणी दिलं. मग बरणी तिच्या हातात ठेवली.

"घे. ह्यो इंद्र्याचा न्हाई, ह्या येड्यानं गोदामात केलाय. इंद्र्याचा म्या धुतला. डोळ्यांदेखत ग्येला गं – परातीत हात घालून हुडकत व्हते, बोटाला काय लागंना. कुनावर तरी ढकलायचं व्हतं, तुझ्यावर ढकललं. आन् तू व्हय म्हनलीस."

वहिनी म्हणाली, "असू द्या, आई."

आई तिच्याकडं बघतच राहिली. मग अगदी हळू विचारलं, "त्येबी असंच अंगावर घेतलंस व्हय? त्याचं तोंड लई खराब झालं व्हतं का गं?"