साहेबाचे आठ पाइप

मामाजी,

देवळीहून माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने सोयरीक आणणाऱ्याला एकच गोष्ट तीन-तीनदा विचारली होती. शेत किती, हे नाही. मुलाची नोकरी पक्की आहे का, हेही नाही. घरात कोणी दारू घेतं का, एवढंच. माझे वडील त्यातच गेले होते. सोयरीक आणणाऱ्याने सांगितलं की सासू नाही, मुलगा तळेगावच्या शाळेत मास्तर आहे, आणि सासरे आर्वीच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर आहेत, ते साधं पानसुद्धा खात नाहीत. आईने तिथल्या तिथे होकार दिला.

मी आले तेव्हा भादवा चालू होता. कापूस यायला वेळ होता, फॅक्टरी बंद होती आणि तुम्ही दिवसभर घरीच असायचात. तुमचा मुलगा सोमवारी पहाटे तळेगावला जायचा तो शनिवारी परतायचा. मधले दिवस घरात तुम्ही आणि मी. तुम्ही फार बोलत नव्हतात. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः उचलून मोरीत ठेवायचात, "भाजी चांगली झालती, सूनबाई," म्हणायचात, आणि मागच्या अंगणातल्या टिनाच्या खोलीत जाऊन आतून कडी लावायचात. दोन-तीन तास बाहेर येत नव्हतात. पहिले काही दिवस मी लक्ष दिलं नाही. फिटर माणूस आहे, काही ठोकत-जोडत असेल, असं वाटलं. मग एका दुपारी दोरीवरचे कपडे काढायला मागे गेले आणि वास आला. तो वास मी झोपेतही ओळखला असता.

टिनाला एका जागी फट होती. मी वाकून पाहते आहे. तुम्ही स्टुलावर, पाठ माझ्याकडे. समोर लहानशा दिव्याची निळी ज्योत, तिच्यावर तारेच्या चिमट्यात धरलेली काचेची नळी. नळीत काहीतरी उकळतंय, तिच्या तोंडाला रबराची नळी जोडलेली, ती वर कुठे गेली ते तुमच्या खांद्याआड दिसत नाही. बाजूला अर्धी भरलेली बाटली. माझ्या वडिलांची भट्टी मडक्यांची होती, नाल्याच्या काठाला. पण उकळणं तेच, नळी तीच, वास तोच. त्या दिवसांत जिल्ह्यात दारूबंदी होती. वडिलांना दोरी बांधून गावातून नेलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि सगळं गाव दारात उभं होतं. कपडे हातात घेऊन मी किती वेळ तिथे थांबले, आठवत नाही. रडू आलं नाही. फक्त आईला आता काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजाराला गेलात तेव्हा कडी बाहेरून नुसती अडकवलेली होती. मी आत गेले. काही पाहिलं नाही, पाहायची इच्छाच नव्हती. बाटली उचलली आणि कडुलिंबाच्या बुडाशी रिकामी केली. मग घरात येऊन ट्रंक उघडली आणि लुगडी भरू लागले. देवळीकडे जायला संध्याकाळची मोटर होती. तेवढ्यात तुम्ही बाजारातून आलात. पिशवी ओट्यावर ठेवलीत, सरळ मागे गेलात आणि रिकामी बाटली हातात घेऊन परत आलात. आता आवाज चढणार म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"तू वतली का?" तुम्ही विचारलंत.

"हो."

"काऊन?"

तेव्हा मी सगळं बोलले. सासऱ्यापुढे एवढं बोलायची रीत नव्हती, पण ट्रंक भरून झाली होती आणि आता काय जाणार होतं. वडिलांचं सांगितलं, दोरीचं सांगितलं, आईने तीनदा विचारल्याचं सांगितलं. तुम्ही उभे होतात ते हळूच उंबऱ्यावर बसलात.

"तुह्या बापाचं मले मालूम हाय, बाई," तुम्ही म्हणालात. "म्हणून तं दार लावून बसत होतो. तुले वास येऊ नाई, तुले त्याची याद येऊ नाई. मीच येडा. दार लावल्यानं उलटंच झालं." मग उठलात. "ये. पाहून घे एकदा. मग जायाचं असन तं मी सोता मोटरीवर पोचवून देतो."

खोलीत एका लाकडी पेटीत मखमलीवर पाइप ठेवलेले होते, तंबाखू ओढायचे, विलायती. आठ होते. तुमच्या फॅक्टरीच्या जुन्या मॅनेजर साहेबाचे. साहेब त्या उन्हाळ्यात वारला होता. त्याच्या मुलाला बापाचे पाइप हवे होते, पण ते इतके घाण झाले होते की तोंडाला लावता येत नव्हते. साहेबाची मडम नागपूरला जाण्याआधी पेटी तुमच्याकडे देऊन गेली होती. "मशिनीले तेल देत होतो, त्यानंच मले फिटर केला," तुम्ही म्हणालात. "माह्या हातात पयला पाना त्यानं देल्ला. आता एवढं तं करतोच."

फळीवरच्या दुसऱ्या एका बाटलीत दोन बोटं स्पिरिट उरलं होतं. तेवढ्यावर तुम्ही मला करून दाखवलंत. पाइपच्या वाटीत, तंबाखू भरतात तिथे, कापसाची रुई गच्च भरायची, दांडीला रबरी नळी लावायची, तिचं दुसरं टोक काचेच्या नळीला. स्पिरिट उकळलं की त्याची वाफ दांडीतून वर रुईपर्यंत जाते. मग दिवा बाजूला करायचा. नळी निवते आणि वर गेलेलं सगळं आपोआप खाली खेचलं जातं. मी पाहते आहे, पाण्यासारखं वर गेलेलं स्पिरिट खाली येताना काढ्यासारखं काळपट झालेलं आहे. खोलीत कडू, जुनाट तंबाखूचा वास पसरला. मला ठसका लागला आणि ठसक्यातच हसू आलं. आदल्या दुपारपासून छातीत बसलेला दगड असा एकदम निघाला की मी खाली मातीतच बसले. तुम्ही घाबरलात, पाणी आणायला धावलात. त्या संध्याकाळी मोटर गेली तेव्हा मी भाकऱ्या थापत होते.

पुढच्या दिवसापासून दार उघडं राहू लागलं. कंपाउंडरनं आणखी एक बाटली दिली. दवाखान्यातला तो तुमचा लहानपणचा मित्र. काचेची नळी, रबर, स्पिरिट, सगळं त्याच्याकडूनच आलं होतं. मी सायकलच्या जुन्या आऱ्यांवर रुई पिळून बसवायची, तुम्ही त्या दांडीतून फिरवायचात. वाटीतला कोळसा बोथट चाकूने खरवडताना म्हणायचात, "सगळा नाई काढाचा. थोडा थर ठेवाचा, नाई तं लाकूड जळते." तोंडाकडचा काळा भाग राखुंडीने घासायचं काम माझं. दुसऱ्याचं उष्टं हातात कसं घ्यायचं, हे एकदा मनात आलं होतं. तुम्ही घेत होतात, म्हणून मीही घेतलं. सातवा पाइप चालू असताना पोलीस चौकीचा जमादार आला.

बरोबर दोन शिपाई होते. सरळ मागच्या अंगणात. माझे हात राखेने भरलेले, आणि डोळ्यांपुढे वडिलांना बांधलेली ती दोरी. "फिटरसाहेब, तुमी बी?" जमादार म्हणाला. "खबर हाय का इथं भट्टी चालू हाय."

तुम्ही उठला नाहीत. "हाय नं," म्हणालात. "या, बसा. सूनबाई, जमादारसाहेबाले दाखव."

मला दाखवायला सांगितलंत. मी रुई भरली, नळी लावली, दिवा पेटवला. क्रम चुकला नाही. काळं पाणी खाली उतरलं तेव्हा जमादाराने नळी नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. "जिभेले लावू नोका," तुम्ही म्हणालात, "जहर हाय ते." तो बराच वेळ साफ झालेला पाइप उलटासुलटा करत बसला. मग शिपायांना बाहेर पाठवून हळूच विचारलं, "आमच्या बाबाची चिलीम हाय, चांदीची. होईन का साफ?" ती चिलीम चार दिवसांनी आली आणि मीच साफ केली. आठही पाइप दिवाळीआधी नागपूरला गेले.

तुम्हाला मात्र एक गोष्ट लागून राहिली. खबर कोणी दिली? स्पिरिटचं कंपाउंडरशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. तुम्ही भांडला नाहीत, विचारलंही नाही. नुसते बोलेनासे झालात. रस्त्यात तो दिसला की बाजू बदलायचात. तुम्ही पुढे बारा वर्षं जगलात. तुमच्या तेराव्याला तो आला, पण ओट्यावर चढला नाही. रस्त्यातूनच हात जोडून गेला.

परवा मी त्याच्याकडे गेले होते. फार म्हातारा झाला आहे, ऐकू कमी येतं. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ज्या दुपारी मी फटीतून पाहिलं, त्याच संध्याकाळी विहिरीवर शेजारणीला बोलून बसले होते, की आमच्या सासऱ्याने घरात भट्टी मांडली आहे. तिचा भाऊ चौकीत शिपाई होता. कंपाउंडरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पाइप साफ झालते का पण?" मी हो म्हटलं. "मंग झालं तं," तो म्हणाला, आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला.

त्या घरून निघाले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की मी रिक्षा न करता पायीच आले. त्याला सांगणं सोपं गेलं, मामाजी. तुम्हाला मी बारा वर्षं रोज सकाळी चहा दिला आणि कितीदा तरी वाटलं, आज सांगावं. तुमच्या रागाची भीती नव्हती. तुम्ही रागावलाच नसतात. चहा तसाच ठेवून, चपला घालून त्याच्या घरी गेला असतात आणि माझ्या नावची माफी स्वतः मागून आला असतात. ते मला पाहवलं नसतं. एवढ्यासाठी मी तुमचा मित्र तोडला.