बोट लागलं का

आये,

तुला वाचता येत नव्हतं आणि मी सातवीच्या पुढे गेलो नाही, तेव्हा हे कुणासाठी लिहितोय ते मलाही नीट सांगता येणार नाही. मी बिबवेवाडीत मुलाकडे असतो, तिसऱ्या मजल्यावर. आत्ता दुपार आहे. मुलगा आणि सून कामावर गेलीत. गॅस बंद आहे का ते दोनदा बघून आलो, तरी पुन्हा उठावंसं वाटतंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, बस गप, गॅसला काय पाय फुटलेत.

तुझ्या लेकीचा हल्ली रोज फोन येतो. आधी वर्षातून एकदा, भाऊबीजेला यायचा. आता रोज एकच विचारते, "दादा, बोट लागलं का?" प्रकरण आपल्या खळ्याचं आहे. तू जिथे मासळी सुकवायचीस ती जागा अजून माझ्याच नावावर आहे, राबली मात्र तीच तिथे. जाळ्यात आता पूर्वीसारखं येत नाही. तिच्या नवऱ्याची होडी वाळूत पडून असते, कारण डिझेलपुरतंही सुटत नाही. म्हणून गावातल्या बायकांनी गट केलाय. खळ्यावर पारदर्शक छपराची खोली बांधायची, आत मांडण्या लावून उन्हावरच मासळी सुकवायची, पाकिटं करून शहरात पाठवायची. सरकारकडून मंजूर झालंय सगळं, फक्त जागेच्या मालकाची संमती हवी. मी महिनाअखेरपर्यंत आधारच्या मशीनवर बोट लावलं नाही तर ती खोली शेजारच्या गावाला जाईल.

इथल्या सेवा केंद्रात गेलो होतो. बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं लाद्या ओढल्या, बोटांवर रेघा उरल्या नाहीत. नळाचं पाणी गार आहे की कढत ते मला डोळ्यांनी वाफ बघून कळतं. काचेवर दहाही बोटं ठेवून झाली, मशीन लाल दिवा दाखवत राहिलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, बोटं घरी विसरून आलात का?" रांग हसली. मीही हसलो. मग आधारकार्ड खिशात आहे ना ते बघितलं, आणि बसमध्ये पुन्हा बघितलं.

फोनवरचा तिचा प्रश्न ऐकला की मला तू दिसतेस. संध्याकाळी टोपली घेऊन किनाऱ्यावर उभी आहेस आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतेस, "बोट लागली का?" आणि मला बोट लागायची ती वेगळीच. लाटांवर गेलो की पोटातलं सगळं बाहेर. एक हंगाम मी ते लपवलं. बाबांची पाठ वळली की कडेला वाकायचो आणि समुद्राच्या पाण्याने तोंड धुवायचो. एक दिवस उठताच आलं नाही, दोघांनी धरून उतरवलं. किनाऱ्यावर कुणीतरी म्हणालं, "कोळ्याच्या पोराला बोट लागते, याला आता बैलगाडीत बसवा." तू टोपली खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "त्याला बोट लागते, तुला दारू लागते. तू बैलगाडीतून तरी नीट उतरशील का?" सगळे त्याला हसले.

घरी आल्यावर तू हसत नव्हतीस. चुलीपुढे बसून भाकरी थापत होतीस, माझ्याकडे बघत नव्हतीस. "ओकलास त्याचं मला काही नाही," म्हणालीस, "लपवलंस कशाला?" पंधरा दिवसांत मला पुण्याच्या एसटीत बसवलंस. फडक्यात बोंबील बांधून दिलेस, आणि खिडकीतून हात घालून म्हणालीस, "समुद्र तुझा नाही, नसू दे. खळं तुझ्या नावावर करते. कंटाळलास की ये." मी कंटाळलो होतो, पण आलो नाही. कोण काय विचारेल याची भीती वाटायची. तू गेल्याचं कळलं तेव्हा आलो, तर एसटीत सगळा वेळ तिकीट मुठीत धरून होतो, हरवेल म्हणून. मला वाईट वाटायला हवं होतं. मूठ तेवढी आठवते.

मागच्या आठवड्यात तुझ्या लेकीने नमुन्याचं पाकीट पाठवलं. वर छापील चिठ्ठी आहे, गटाचं नाव, बोंबलाचं चित्र. सुनेने ते गॅलरीत ठेवलं. तरी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाच, 'कोणाच्या घरी उंदीर मेला असल्यास कृपया शोधावा.' सुनेने मला वाचून दाखवला आणि म्हणाली, "बाबा, आज मेलेला उंदीर भाजून द्या, दोन मीही खाईन." मी बोंबील कानाशी नेऊन हलवले, तुझ्यासारखे. वाजले तर सुकले, असं तू म्हणायचीस. हाताला काही कळत नाही, पण कानाला कळलं. चांगले वाजत होते. खाताना दातांखाली वाळू आली नाही. तुझ्या बोंबलांत नेहमी यायची. मी बराच वेळ चावत राहिलो, येईल म्हणून.

मी तुझ्या लेकीला शंका विचारतो. गट फुटला तर? वाऱ्याने छप्पर उडालं तर? कुणी बिल्डर मागून आला तर? ती म्हणते, "दादा, खळं कुणी उचलून नेत नाही. वर छप्पर येतंय फक्त. आणि तू कधी आलास ते बघायला?" मग म्हणते, "लिंबू चोळून बघ बोटांना. उद्या करते फोन."

आये, सेवा केंद्रातल्या त्या मुलीने त्याच दिवशी सांगितलं होतं. बोटं उठत नसतील तर डोळ्यांवरून होतं, ते मशीन मंगळवारी येतं, दोन मिनिटांचं काम. दोन मंगळवार गेले. पहिल्या मंगळवारी मी बसस्टॉपवरून परत आलो. दुसऱ्याला चपलाच घातल्या नाहीत. तुझ्या लेकीला सांगितलं, नाही लागलं. ती म्हणाली, होईल दादा, तू काळजी करू नकोस. उद्या तिसरा आहे, आणि या महिन्यातला शेवटचा.

हे कागद घडी करून त्या रिकाम्या पाकिटात ठेवतो, म्हणजे कुणी हात लावणार नाही. तू विचारशील, लपवलंस कशाला. खळ्यासाठी नाही. बोट लागलं की तिचा फोन पुन्हा भाऊबीजेलाच येईल.