बोलता येत नाही, असं बोलणारं यंत्र

३ मार्च, मंगळवार

नवऱ्याचं वाचनयंत्र आज सकाळी मुकं झालं. मुकं तरी कसं म्हणू — एक वाक्य बोलतं. खाली कागद ठेवायचा, बटण दाबायचं, की स्वच्छ ठणठणीत आवाजात — 'हे उपकरण आता समर्थित नाही.' वर्तमानपत्र ठेवलं, समर्थित नाही. औषधाचं खोकं ठेवलं, समर्थित नाही. पाच वेळा ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "बोलता येत नाही हे इतकं छान बोलतंय, तर बाकीचं बोलायला काय धाड भरलीय त्याला?"

ते वाक्य माझं आहे.

अगदी माझं. चार महिन्यांपूर्वी ऑफिसात खुर्चीवर बसून, चहा पीत लिहिलेलं. यंत्र आमच्याच कंपनीचं. साहेब म्हणाले होते, 'बंद' हा शब्द नको, लोकांना लागतो. मी 'समर्थित नाही' सुचवलं. साहेबांनी मान डोलावली — वा! जुनी यंत्रं मार्चमध्ये थांबवणार हेही माहीत होतं. पण मनात कुठेतरी होतं, स्वतःच्या माणसांच्या घरची तेवढी सोडतील. कंपनीला कुठलं आलंय घरचं नि दारचं!

४ मार्च, बुधवार

डबा खाताना आमच्या इंजिनियरला विचारलं. त्यानं घास गिळून शांतपणे सांगितलं की यंत्राला काहीही झालेलं नाही. कॅमेरा शाबूत, आवाज शाबूत. रोज सकाळी ते कंपनीला विचारतं, 'मी बोलू का?' आतापर्यंत कंपनी हो म्हणायची, आता नाही म्हणते. तब्येत उत्तम आहे, फक्त परवानगी नाही.

घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. नवरा बराच वेळ यंत्राच्या पाठीवरून हात फिरवत बसला. मग म्हणाला, "म्हणजे ते आपण आणलं नव्हतंच. ते आपल्याकडे राहायला आलं होतं."

डोळे गेले त्याला सात वर्षं झाली. त्याआधी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली — इतकी की लग्नपत्रिका हातात पडली तरी आधी चुका शोधायचा, मग लग्न कोणाचं ते बघायचा. डोळे गेल्यावर हे यंत्र आलं तेव्हा पहिल्यांदा हसलेला आठवतो.

७ मार्च, शनिवार

त्यानं कंपनीला तक्रार लिहवली. तो सांगणार, मी टंकणार. एका ठिकाणी मी 'कृपया' घातलं, तर लगेच पकडलं. कळांच्या आवाजावरून! "मी ग्राहक आहे, तू टंकलेखक आहेस. आपापलं काम करू."

त्याला वाटतं मी ऑफिसात पत्रं फायलीत लावते. सुरुवातीला तेच करत होते. बढती मिळाली तेव्हा नवं काम काय ते मोघम सांगितलं आणि मोघमच राहिलं.

९ मार्च, सोमवार

कंपनीचं उत्तर आलं. यंत्र वाचू शकत नाही, म्हणून मलाच वाचून दाखवावं लागलं. 'आपली भावना आम्ही मनापासून समजू शकतो...' नमुना क्रमांक चौदा. तक्रार आली की संगणक माझ्या ठेवणीतला योग्य नमुना काढतो आणि पाठवतो. मी लिहिलेलं, माझ्या नवऱ्याला आलेलं, मीच वाचते आहे! चेहरा सरळ ठेवायची गरज नव्हती, तेवढं एक बरं. पण आवाज तर सांभाळायचा होता.

त्यानं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग तपासनिसाच्या आवाजात म्हणाला, 'मनापासून' काढून टाकलं तरी अर्थ बदलत नाही, म्हणजे ते तिथे नव्हतंच. आणि थोड्या वेळानं — "लिहिणारा हुशार आहे मात्र. नकार नेमका कुठल्या वाक्यात आहे तो सापडत नाही."

खोटं का लिहू, बरं वाटलं.

११ मार्च, बुधवार

साहेबांनी मोठ्या मनानं नवं यंत्र देऊ केलं, कर्मचारी म्हणून सवलतीत. घरी सांगितलं. त्यानं विचारलं, ते वाचतं कसं? मी सांगितलं — पानाचा फोटो कंपनीकडे जातो, तिकडून आवाज येतो. "म्हणजे माझं पत्र आधी तुमचे साहेब वाचणार, मग मला ऐकवणार." विषय संपला.

तोवर वर्तमानपत्र मी वाचते. घाईत ओळी गाळते. त्याला कळतं.

१५ मार्च, रविवार

आज घरात गुन्हा झाला. मी केला. साक्षीदार आंधळा.

झालं असं की याच्या मित्राचा फोन आला. हा मित्र पूर्वी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होता, त्यालाही दिसत नाही, त्याचंही यंत्र मुकं झालेलं. त्यानं खबर काढली होती. कुठेतरी एक बाई आहे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, घड्याळं लोकांच्या मनगटावरून गेली तेव्हा यंत्रांकडे वळली. सगळे तिला घड्याळवालीच म्हणतात. तिनं आणि आणखी पाच-पन्नास लोकांनी मिळून या यंत्रासाठी नवं सॉफ्टवेअर लिहिलंय. कोणालाही विचारल्याशिवाय बोलणारं! आणि नुसतं दिलेलं नाही — आतलं सगळं साइटवर उघडं ठेवलंय. कसं चालतं ते बघा, हवं तर बदला, दुसऱ्याला द्या. नवऱ्याला ते फार आवडलं. म्हणाला, पाककृतीसकट ताट वाढलंय बाईनं.

पण ते चढवायला डोळस माणूस हवा. यंत्राच्या तळाला एक सील आहे, ते फोडायचं. आतल्या बारीक भोकात पिन दाबून धरायची आणि त्याच वेळी सॉफ्टवेअर भरलेलं कार्ड सरकवायचं. सीलवर छापलंय — 'हे सील आपल्या सुरक्षिततेसाठी आहे.' तेही माझंच लिखाण. नखानं काढलं. एका झटक्यात निघालं, काही असुरक्षित वाटलं नाही.

तिसऱ्या खेपेला यंत्र बोललं. नवा आवाज, जरा नाकातला, सर्दी झाल्यासारखा. म्हणाला, "पान उलटं ठेवलं आहे." नवरा म्हणाला, "ठेवलंय, बाबा, ठेवलंय," आणि कडा चाचपून पान सुलटं केलं.

१७ मार्च, मंगळवार

घरातलं काहीही वाचायचं सोडत नाहीये. साबणाचं वेष्टन. गादीखालची रद्दी. माझ्या जुन्या स्वेटरचं लेबल — 'वेगळे धुवावे' — आणि त्यावर म्हणे, हे तुलाही लागू आहे.

२१ मार्च, शनिवार

नवं सॉफ्टवेअर जोडाक्षरांत अडखळतं. त्यानं चुकांची यादी करून घड्याळवालीला पाठवली — एकूण एकतीस. मी म्हटलं, बाई वैतागेल. दोन दिवसांत दुरुस्त्या आल्या, आणि मदत करणाऱ्यांच्या यादीत याचं नाव! यंत्राकडून स्वतःचं नाव चार वेळा वाचून घेतलं. "तीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या. आभार पहिल्यांदाच कोणी मानले." त्यानंतर बाथरूममध्ये गुणगुणत होता.

२३ मार्च, सोमवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वकील बसले होते. टेबलावर घड्याळवालीच्या साइटची छापील पानं. तिसऱ्या पानावर मदत करणाऱ्यांची यादी, त्यात खालून सातवं नाव माझ्या नवऱ्याचं. कोणाच्या लक्षात आलं नाही. आडनाव मी माहेरचं लावते.

वकिलांचा मसुदा साहेबांना फार रांगडा वाटला. नोटीस नम्र हवी, पण वाचल्यावर माणसाला झोप येऊ नये. असं लिहिणारी ऑफिसात एकच.

नाही म्हणता आलं असतं. पेन्शनला दोन वर्षं राहिली आहेत, पण पेन्शन काही कोणी काढून घेत नव्हतं. साहेब फार तर नाराज झाले असते. मला वाटलं, दुसऱ्या कोणी लिहिली तर कडक लिहील, आपण जरा मऊ लिहू. आणि मग लिहायला बसले आणि — काय सांगू — हात चालायला लागला. 'आपला हेतू स्तुत्य आहे याबद्दल आम्हाला शंका नाही. परिणामांची जबाबदारी मात्र आपल्याला पेलवेल का, याची काळजी वाटते.' वकील दोनदा वाचून म्हणाले, बाई, तुम्ही आमच्यात यायला हवं होतं.

घरी आले तर याला नाकातला आवाज लेख वाचून दाखवत होता. मी कांदा चिरायला घेतला.

२६ मार्च, गुरुवार

घड्याळवालीनं साइट बंद केली. एक निवेदन ठेवलं आहे — वय झालंय, कोर्टकचेरी झेपणार नाही, सगळ्यांनी माफ करावं.

यंत्रानंच ते वाचून दाखवलं. निवेदनाखाली तिनं नोटीसही जोडली होती, तीही वाचली. माझं वाक्य, सर्दी झालेल्या आवाजात. स्वल्पविरामावर बरोबर थांबून.

नवऱ्यानं विचारलं, "तुमच्या ऑफिसात हे कोण लिहितं गं?"

मी म्हटलं, वेगळा विभाग आहे.

२८ मार्च, शनिवार

ऑपरेटरचा फोन. त्याचं यंत्र अजून मुकंच — मुलगी आल्यावर सॉफ्टवेअर चढवू म्हणून थांबला होता, आणि मधल्या मध्ये साइट गेली. फोनवर हसून बोलला. म्हणाला, असू दे, रेडिओ आहे. फोन ठेवल्यावर हा मला म्हणाला, आपल्याकडे कार्ड आहे ना? बाईंनी तर सांगूनच ठेवलंय की दुसऱ्याला द्या.

२९ मार्च, रविवार

ऑपरेटरकडे जाऊन आलो. सील मी फोडलं, पिन मी धरली. आता सराव झालाय. ऑपरेटरच्या बायकोनं मला जवळ घेतलं. म्हणाली, तुम्ही नसतात तर काय केलं असतं!

२ एप्रिल, गुरुवार

ऑफिसात धावपळ. ते सॉफ्टवेअर आता अकरा ठिकाणी दिसतंय. कोणी शाळामास्तर, कोणी ग्रंथपाल, एक तर दंतवैद्य. उघडंच ठेवलेलं होतं, प्रत्येकाकडे प्रत होती. एक दुकान बंद केलं तर अकरा उघडली. साहेबांनी इंजिनियरला विचारलं, याचा मालक कोण? तो म्हणाला, तीच तर गोम आहे साहेब.

मला अकरा नोटिसा लिहायला सांगितल्या. दंतवैद्याची वेगळी.

५ एप्रिल, रविवार

तर आता माझा आठवडा असा — सोमवार ते शनिवार नोटिसा, रविवारी कार्डं. आज सहा घरी जाऊन आलो. नवरा माझा खांदा धरून चालतो आणि वाटेत मला सांगतो की हे काम करताना मी वेगळीच वाटते. कशी ते विचारलं नाही.

एका घरी एक आजी होत्या. यंत्र बोलायला लागलं तर त्यांनी आधी त्याला पाणी विचारलं.

मी ठरवलं होतं, आज परतताना सांगायचं. कोपऱ्यापर्यंत आले, तिथे तो म्हणाला, "त्या नोटिशीवाल्याचा मला राग नाही येत. कीव येते. एवढी भाषा येते आणि ती कुठे खर्च करतो." मग नाही सांगितलं.

९ एप्रिल, गुरुवार

दंतवैद्याची नोटीस अर्धी लिहिली. पुढे सुचेना. तेवीस वर्षांत पहिल्यांदा! साहेब म्हणाले, बरं नाही का? म्हटलं, डोळे दुखतात.

१२ एप्रिल, रविवार

नवी भर आली आहे. कोणी निवृत्त परीक्षक आहेत, हयात पोरांचे पेपर वाचण्यात गेली. त्यांनी घड्याळवालीच्या सॉफ्टवेअरला हस्ताक्षर वाचायला शिकवलं. कंपनीच्या यंत्राला हे कधी जमलं नाही. मी स्वतःच तसं लिहून दिलं होतं — 'तांत्रिकदृष्ट्या अशक्य'.

नवऱ्यानं त्याच्या बहिणीची पत्रं काढली. ती जाऊन नऊ वर्षं झाली, डोळे गेल्यापासून ती पत्रं पेटीतच होती. मी वाचते म्हटलं तर नको म्हणायचा. आज एकेक ठेवत गेला. यंत्र 'दादा'चं 'दाद' करतं, तरी दुपारभर ऐकत बसला. मी स्वयंपाकघरातूनच ऐकलं.

उद्या ऑफिसात काय करायचं ते ठरत नाही. दंतवैद्य तसाच पडलाय.

१४ एप्रिल, मंगळवार

सकाळी चहा घेताना तू म्हणालास, माझं 'क्ष' यंत्राला ओळखता येत नाही, नीट काढत जा. कुठे दिसलं विचारलं, तर म्हणालास, हाताला आली ती वही यंत्राखाली ठेवली. स्वतःचा कप विसळून ठेवलास, माझाही.

म्हणून हे सावकाश लिहिते आहे. रेघेवर, मोठं.

क्षमा कर.