गोदामाच्या मुलाखतीला निघण्याआधी

दादा,

कामावर माझी सकाळची पाळी आहे, म्हणून तू आंघोळीला असतानाच निघाले. शर्टाला इस्त्री मी केलेली नाही. तुला माझी पसंत पडत नाही.

आज दोन तास आधी जाऊ नकोस. मागच्या वेळी फाटकाशी ताठ उभा राहिलास, साहेबाने पहारेकरी समजून तुलाच गाडीचा नंबर लिहून घ्यायला सांगितलं आणि तूही घेतलास. फौजेत चाळीस ट्रकांचा ताफा घाटातून न्यायचास, हे स्वतःहून सांग.

‘फौज का सोडली?’ असं विचारलं, की मागच्यासारखा उठून येऊ नकोस. गुडघ्याचं सांग, ते काही खोटं नाही. दरीत गेलेल्या ट्रकचं तिथे सांगायची गरज नाही.

ते मला सांग. मी चारला येते. या वेळी मध्ये बोलणार नाही.

छोटी