लघिमा आणि रोटाचे गहू

॥ श्री ॥

शिंदखेडा,
दि. १२ मे २०२५

चि. रत्ना हिस नानाचे अ. उ. आ.

तुझे पत्र आणि सोबतचे छायाचित्र पोचले. माझे कान आता फोनमधल्या आवाजाला दाद देत नाहीत हे ओळखून तू पत्राची वाट धरलीस, त्याने फार बरे वाटले. पत्र दोनदा वाचता येते. फोन दोनदा ऐकता येत नाही.

छायाचित्र पाहून प्रथम वाटले की काढणाऱ्याने गाडी अर्धीच टिपली आहे. भिंग लावले तेव्हा उमगले की गाडीच तेवढी आहे. पोपटी रंग, कापडी टप, जमिनीला टेकलेले पोट आणि बसायला दोन जागा! धुळ्यात दिवसभर लोकांचे आखडलेले सांधे मोकळे करणाऱ्या माझ्या पुतणीने स्वतःसाठी असे काही घ्यावे, याचा मला आनंदच आहे.

तू मला उपदेश मागितलास. गाडी चालवणे मला येत नाही, पण उपदेश करणे येते. अष्टसिद्धींत लघिमा नावाची सिद्धी सांगितली आहे. तिच्या बळावर साधक कापसाच्या तंतूसारखा हलका होतो. मात्र सिद्धी मिळाली की तो ती चारचौघांत दाखवू लागतो आणि तेथेच घसरतो. तुझ्या गाडीचे हलकेपण हीच तिची सिद्धी. कोणी शेजारून आवाज करत गेला म्हणून त्याच्या पुढे जाऊ नकोस. पहिले काही महिने तिची ओळख करून घेण्यात घालव. धुळ्याच्या उन्हात भर दुपारी टप उघडून फिरण्याची हौस पुरवू नकोस. गतिरोधक आला की गाडी तिरपी घे, नाहीतर तिचे पोट खरवडेल.

आता मुख्य गोष्ट. तुझा बाप जीवराम परवा आला होता. हायवेवरच्या ट्रकच्या वाऱ्याने ती गाडी उडून जाईल, ही त्याची एक भीती. मी त्याला सांगितले आणि तुलाही सांगतो की डिकीत थोडे वजन ठेवावे, म्हणजे ती जमीन धरून राहील. दुसरी गोष्ट त्याने मान खाली घालून सांगितली. पोरीने दोनच जागांची गाडी घेतली, म्हणजे लग्न नाही, मूलबाळ नाही, तिसरे माणूस घरात येऊच द्यायचे नाही असे तिने ठरवून टाकले. नाना, मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही, असे तो म्हणाला. मी त्याला विचारले की तू रत्नाला लहानपणी ज्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून शेतात न्यायचास, त्याला जागा किती होत्या. तो चहा न घेता उठून गेला.

श्रावणात कानबाईच्या सणाच्या वेळी आबांना शेजारी बसवून गावातून न्यावे, एवढी एकच इच्छा आहे असे तू लिहिले आहेस. ती पुरी व्हावी असे मलाही वाटते. त्याच्याशी वाद मात्र घालू नकोस.

गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका मला पाठव. जिच्याविषयी बोलायचे, तिचा ग्रंथ वाचला पाहिजे.

तुझ्यावरचा लोभ जुनाच आहे, त्याला नवे निमित्त मिळाले इतकेच.

तुझा,
तोताराम नाना

धुळे,
दि. २० मे २०२५

तीर्थरूप नानांस रत्नाचा कृ. सा. न. वि. वि.

पुस्तिकेची झेरॉक्स पाठवते आहे. मूळ प्रत गाडीतच ठेवावी लागते, नाहीतर तीही तुम्हालाच दिली असती. मजकूर इंग्रजी आहे. तुम्ही शब्दकोश उघडून बसणार आणि समासात शिसपेन्सिलीने टीपा लिहिणार, हे मला येथूनच दिसते आहे.

तुमची लघिमा मला फार आवडली. दवाखान्यात येणाऱ्या एका आजोबांनी गाडी पाहून विचारले की ही मोठी कधी होणार. त्यांनाही मी लघिमेबद्दल सांगितले. ते हसले आणि गुडघेदुखी विसरले.

डिकीत वजन ठेवण्याबद्दल मात्र एक सांगते, रागावू नका. या गाडीचे इंजिन पुढे नाही. ते बसायच्या जागेच्या मागे आहे. डिकी त्याच्याही मागे, एका पिशवीपुरती. तेथे वजन ठेवलेले मला ठीक वाटत नाही. पुस्तिकेत काय म्हटले आहे ते तुम्हीच वाचून कळवा.

आबांशी वाद घालणार नाही. जूनमध्ये धरणगावला घरी जाऊन येईन. आईने फोनवर सांगितले की आबा माझ्या गाडीला गाडी म्हणतच नाहीत. ते तिला ते पोपट म्हणतात, आणि ते पोपट पोरीले कोठे ली जाई, कुठे घेऊन जाईल, असे रोज एकदा विचारतात. नाना, विचारतात म्हणजे काळजी आहे. काळजी आहे म्हणजे वाट आहे, असे मी धरून चालले आहे.

गुडघ्याला रोज शेक द्या आणि सांगितलेले व्यायाम चुकवू नका. आशीर्वादाचा हात डोक्यावर असाच राहू द्या.

आपली,
रत्ना

धुळे,
दि. ३० जून २०२५

तीर्थरूप नानांस सा. न. वि. वि.

आधी हे वाचा की मी सुखरूप आहे आणि गाडीला ओरखडाही नाही. आता घडले ते लिहिते.

काल धरणगावहून परत निघाले. आबा निरोप द्यायला ओट्यावर आले, पण गाडीकडे पाठ करून उभे राहिले. एरंडोलच्या रस्त्यावर निंबाचे मोठे वळण आहे ना, तेथे रस्ता ओला होता. वेग फार नव्हता. वळणात शिरल्यावर समोर बकऱ्या दिसल्या आणि मी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला. गाडीचा मागचा भाग माझ्या आधी वळू लागला, नाना. मी काही करायच्या आत गाडी गर्रकन फिरून कापसाच्या बांधाला उभी राहिली. तोंड पुन्हा धरणगावकडे! बकऱ्या माझ्याकडे बघत होत्या.

उतरून सगळे पाहिले. डिकी उघडली तर आत गव्हाचे लहानसे पण गच्च भरलेले पोते. इंजिनच्या उष्णतेने गहू कोमट झाले होते, नुकतेच कोणी उन्हातून उचलून आणावेत तसे. मी रस्त्याच्या कडेला बसून हसले आणि मग थोडी रडलेही. आईला फोन केला. मी अंघोळीला गेले तेव्हा आबांनी खुंटीवरची किल्ली घेतली आणि तिला गप्प राहायला बजावले, असे ती म्हणाली.

आबांना मी काहीच सांगितलेले नाही, आईलाही वळणाबद्दल बोलले नाही. सांगितले तर ते स्वतःला कधी माफ करणार नाहीत, आणि गाडीत बसायचे तर कायमचे विसरायचे. न सांगावे तर पुढच्या वेळी दोन पोती ठेवतील. चूक माझ्या पायाचीही आहे, हे मला कळते. काय करू ते लिहा. मी तुमच्या पत्राची वाट पाहीन आणि तोवर दवाखान्यात रिक्षाने जाईन.

माया कमी होऊ देऊ नका.

आपली,
रत्ना

॥ श्री ॥

शिंदखेडा,
दि. ४ जुलै २०२५

चि. रत्ना हिस अ. उ. आ.

तुझे पत्र वाचून मी आधी देवासमोर दिवा लावला आणि मगच चष्मा पुसला.

पोते जीवरामने ठेवले, पण ठेवायला मी सांगितले होते. डिकीत जड ओझे ठेवू नये असे सांगणारी तुझी पुस्तिका मी त्यानंतर वाचली, हा क्रम उलटा झाला. ग्रंथ उघडण्याआधी निरूपण करणाऱ्याला मी आयुष्यभर हसत आलो. या खेपेस तो माणूस आरशात दिसला. मी जीवरामला सर्व काही लिहिले आहे. लपवून ठेवलेली काळजी माणसाला आंधळेपणाने वागवते, म्हणून त्याला कळणेच योग्य. तू त्याच्यावर रागावलेली नाहीस, हेही त्यात आहे.

आता पुस्तिकेचे श्रवण आणि मनन झाल्यावर जे हाती लागले, ते ऐक. आपल्या पूर्वजांनी देहाला रथ म्हटले आणि मनाला लगाम. ती उपमा मी कीर्तनांतून शेकडो वेळा ऐकली, पण लगाम एकदम सैल सोडला तर काय होते हे मला तुझ्या वळणाने शिकवले. तुझ्या गाडीत वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात शिरल्यावर पाय एकदम उचलायचा नाही आणि एकदम दाबायचाही नाही. संथ धरून ठेवायचा. जड गाडी अशी चूक पोटात घालते, हलकी गाडी ती लगेच बोलून दाखवते. म्हणून हलकी गाडी ही चांगली गुरू आहे, थोडी कडक.

आणखी एक. ट्रकच्या शेजारी रेंगाळू नकोस. तुझे पोपट त्या चालकाला उंचावरून दिसतच नाही. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासून घे. टायर दिसायला नवे असले तरी त्यांचे वय विचार. ही गाडी तू आधी कोणीतरी वापरलेली घेतली आहेस, आणि बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर आतून कडक होते असे म्हणतात. तुझ्या ओल्या वळणात त्याचाही हात असेल.

आणि रिक्षा पुरे झाली. भीती बसण्याआधी गाडी बाहेर काढ. मोकळ्या मैदानात आधी सराव कर, मग रस्त्यावर ये.

माझा जीव तुझ्या वाटेवर आहे, एवढे लक्षात ठेवून चालव.

तुझा,
नाना

धरणगाव,
दि. १३ जुलै २०२५

ती. नानांस जीवरामचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र रत्नाच्या आईने, कुंदाने वाचून दाखवले. मग मी ते घेऊन खळ्यावर गेलो आणि एकट्याने पुन्हा वाचले. इतके दिवस उत्तर लिहायला हात उचलला नाही.

नाना, मी जन्मभर बैलगाडी भरली. मागे वजन जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. आणि पोरीची गाडी मीच उलाळ भरून दिली. तिचे इंजिन मागे आहे हे मला ठाऊक नव्हते, कारण मी त्या गाडीकडे नीट पाहिलेच नव्हते. पाहायचेच नाही असे धरून बसलो होतो.

ते गहू कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे होते. कानबाईच्या नावाने निवडून वेगळे ठेवलेले. वाटले, वजनही होईल आणि कानबाई पोरीच्या पाठीशीही राहील. कुंदा म्हणते की कानबाई होतीच, म्हणून गाडी बांधाला थांबली. तिचे म्हणणे मी खोडत नाही. पोते रत्नाने परत पाठवले, त्यातला एकही दाणा कमी नाही.

आता एक विचारतो. रोटासाठी आपण घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतो. मुलीच्या नावाने घेत नाही, कारण ती दुसऱ्या घरची. रत्ना दुसऱ्या घरी गेली नाही, आणि जाणार नाही हे तिने मला सरळ सांगितले आहे. मग तिची मूठ कोणत्या घरी घ्यायची? हा प्रश्न मला त्या दोन जागांमुळे पडला, नाहीतर पडला नसता. दोष लागतो का ते शास्त्र पाहून कळवा. तुम्ही म्हणाल ते मान्य.

बठ्ठा ठीक शे, घरी सगळे बरे आहे. तुमचा गुडघा सांभाळा. मायेची पाखर राहू द्या.

आपला,
जीवराम

॥ श्री ॥

शिंदखेडा,
दि. १८ जुलै २०२५

चि. जीवराम यास अ. उ. आ.

तुझा प्रश्न वाचून मी माझी सारी पोथ्यांची फडताळे उघडली. मुलीच्या नावाने मूठ घेऊ नये असा निषेध मला कोठे आढळला नाही. खरे सांगायचे तर मी तो फार मन लावून शोधलाही नाही. आपल्या घरची ही रीत वाडवडिलांनी घातली आणि आज घरात वडील म्हणून मी आहे. मी सांगतो, रत्नाची मूठ आपल्याच घरी.

एकच अट. गहू दळायला तिच्याच गाडीतून जायचे, आणि पोते डिकीत ठेवायचे नाही. ते तुझ्या मांडीवर राहील.

गुडघ्यामुळे मी येऊ शकत नाही. माझ्या नावाची मूठ तू घे. तुझ्या हातून घेतलेली ती मला येथे पोचेल.

तुझा थोरला,
तोताराम

धुळे,
दि. ५ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप नानांस रत्नाचा सा. न. वि. वि.

कानबाई छान पार पडली. प्रसादाची पुरचुंडी वेगळी पाठवली आहे. रोट घरच्यांनीच खायचा, म्हणून शेजारी वाटून टाकू नका.

शनिवारी सकाळी आबा देवघरापुढे पाटावर बसून गहू घेत होते. तुमचे नाव, त्यांचे नाव. मग थांबले आणि मला हाक मारली. मी जाऊन बसले तर म्हणाले की तुझी मूठ तुझ्याच हाताने घे, माझा हात मोठा आहे, हिशेब चुकेल. आई पदराने डोळे पुसत, आबांना आता कुठे मोजमाप सुचले, असे पुटपुटली. मी मूठ भरली, नाना. तेच गहू होते. या वेळी ते गार होते.

गाडीत बसणे हे दुसरे कर्मकांड झाले. आबा आधी पाय आत घालू लागले आणि दारातच अडकले. मी त्यांना रुग्णांना सांगते तसे सांगितले की आधी पाठ फिरवून बसा, मग पाय आत घ्या. ते बसले आणि म्हणाले की हे तर खड्ड्यात ठेवल्यासारखे झाले. मांडीवर पोते, पोत्यावर दोन्ही हात. गतिरोधकावर गाडी तिरपी घेतली तेव्हा त्यांनी मान डोलावली. बैलगाडी नाल्यात उतरवताना तेही असेच करत.

गिरणीत दळण टाकले आणि तोवर ते वळण दाखव, असे ते म्हणाले. मी दचकले. एरंडोलच्या रस्त्याला लागलो. वेग सरळ रस्त्यावरच कमी केला, वळणात पाय संथ धरला. आबांनी दाराची कडी घट्ट पकडली होती. निंब मागे गेला तेव्हा पाहिले, कडीवरची पकड सुटली होती आणि त्यांचा हात बाहेर वाऱ्यावर होता. परत येताना तेच वळण त्यांनी पुन्हा घ्यायला लावले. उगाच.

गिरणीवर पीठ घ्यायला थांबलो तर गिरणीवाले हिलालभाऊ गाडीभोवती फिरून आले आणि आबांना विचारू लागले की जीवरामआबा, एवढे पैसे घालून दोनच जागा कशा काय. आबा पीठ मांडीवर नीट ठेवत म्हणाले की दोन म्हणजे बठ्ठ्या जागा झाल्या, एक तिनी शे, एक मनी.

पुढच्या महिन्यात तुम्हाला न्यायला येते. तेवढ्यापुरती त्यांची जागा मी मागून घेतली आहे. त्यांनी फार विचार करून हो म्हटले. गुडघा तयार ठेवा, आणि मन आहेच.

आपली,
रत्ना